घुबडाचा एक डोळा

सिंगापूरहून परत आल्यावर सांगलीत लोकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांतल्या एकाचंही समाधानकारक उत्तर मला देता आलं नाही. ते सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेलं शिल्प पाहिलंत का? पाहिलं, बसमधून, पाठीमागून. त्या तीन इमारतींच्या डोक्यावर ठेवलेल्या गच्चीवर गेलात का? नाही. खरेदी? एक पेन्सिल, तीही माझी तिकडे जाताना विमानात हरवली म्हणून. मग एवढा महिना केलंत तरी काय, असं शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलंच. मी म्हटलं, एक किडा पाहिला. त्या हसल्या, आणि मला वेड लागलंय की मी चेष्टा करतेय हे न ठरवता घरी गेल्या. त्यांच्यासाठी आणि ज्यांना तिकडे जायचं जमलेलं नाही अशा इतरांसाठी हे लिहिते आहे. गच्चीची माहिती हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. फळ्यावर आकृत्या काढणं हा माझा एकमेव माज. हृदयाचा उभा छेद मी खडू न उचलता काढायची आणि मागच्या बाकावरची टारगट मुलंही तेवढा वेळ गप्प बसायची. पण त्यांची सगळ्यात आवडती आकृती होती घुबड-फुलपाखराची. मिटलेल्या पंखांवर घुबडाच्या डोळ्यासारखा मोठा ठिपका असलेलं हे दक्षिण अमेरिकेतलं पाखरू आमच्या पुस्तकात टपाल तिकिटाएवढ्या काळ्यापांढऱ्या चित्रात होतं. ते पाहून मी दर वर्षी फळाभर काढायची. खरं पाखरू मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

निवृत्त झाले आणि उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जीवाला काही धोका नाही, नुसती थरथर आहे, हळूहळू वाढेल. यांना काय जातंय नुसती म्हणायला. भरलेला कप बशीत वाजायला लागला तेव्हा मी पाहुण्यांना चहा देणं बंद केलं. सही जमेना तेव्हा बँकेत दोनदा करावी लागली. मग माझी मुलगी गौरी फोनवर सहज बोलून गेली, की सिंगापूरच्या एका बागेत काचघर आहे, तिथे बाहेरून कोश मागवून घुबड-फुलपाखरं वाढवतात, माझ्या नातीच्या, ईराच्या शाळेची सहल गेली होती. मी त्याच आठवड्यात पासपोर्ट शोधायला घेतला. पेन्सिल हातात धरता येतेय तोवर ते पाखरू समोर बसवून एकदा काढायचं, असा मी चंगच बांधला. पुस्तकातल्या चित्रावरून नाही, त्याच्यावरून.

क्वीन्सटाउन, अकरावा मजला

गौरीचा फ्लॅट क्वीन्सटाउनमधल्या जुन्या सरकारी इमारतीत आहे. लांब कॉरिडॉर, दारांसमोर चपला आणि कुंड्या, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूंवर आडवे वाळणारे कपडे. अकराव्या मजल्यावरून कुणाचा टॉवेल खाली पडत कसा नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गौरी हार्बरफ्रंटला जहाजांच्या एका कंपनीत हिशेब बघते, जावई निखिल चांगी बिझनेस पार्कला जातो, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. दहा वर्षांची ईरा शाळेतून आली की मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि वर तिथल्या बोलण्यातलं ‘लाह’ हे शेपूट लावते.

आणि शैलाताई. निखिलच्या आई, ठाण्याच्या, माझ्या विहीणबाई. मी पोचले तेव्हा त्या आधीच तिथे होत्या. दोन विहिणी एका फ्लॅटमध्ये ठेवण्याचं धाडस आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. पण विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली त्या तारखांना आम्ही दोघीही सापडलो. स्वयंपाकघरावर त्यांनी ताबा मिळवलेला होता. डब्यांवर चिठ्ठ्या, गॅसशेजारी फडकी, फडक्यांनाही नेमून दिलेली कामं. मी मुलीची आई, तेव्हा आपण होऊन पाहुणी झाले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला चहा दिला. अर्धा कप. स्वतःला पूर्ण, गौरीला पूर्ण, मला अर्धा. दुसऱ्या दिवशीही अर्धा. थोड्या वेळाने, ‘अजून घेता का?’ म्हणून पुन्हा अर्धा. मुलीच्या घरी चहावरून बोलायचं कसं, म्हणून मी गिळला. पण मनातल्या मनात त्या बाईंचा हिशेबीपणा मी सांगलीला सांगायच्या गोष्टींत जमा करून ठेवला. हाताचं मी गौरीखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. शैलाताईंना तर कळू द्यायचंच नव्हतं. त्यांच्यासमोर मी हात पदराखाली ठेवायची आणि पोळी घेताना डावा पुढे करायची.

काचघर, पहिली फेरी

पहिल्या शनिवारी आम्ही सगळे गेलो. काचघरात शिरताना दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत दमट ऊब, नेचे, कुठूनतरी पडणारं पाणी आणि माणसं. इतकी माणसं की फुलपाखरं जीव मुठीत धरून उडत असावीत. निळी, पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची पाखरं लोकांच्या टोप्यांवर बसत होती. माझं पाखरू कुठे आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा तिथल्या गणवेशातल्या मुलीने वर बोट दाखवलं. दुपारी ही झोपतात. एका झाडाच्या बुंध्यावर, दोन पुरुष उंचीवर, सुकलेल्या पानासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. चष्म्यातून, चष्म्यावरून, चष्मा काढून, कसंही पाहिलं तरी ते पानच दिसत होतं.

तरीही मी वही काढली. तेवढ्यात मागून एक कुटुंब येऊन थांबलं. आजीबाई चित्र काढतायत म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटतं, ते वाकून बघतात. कुणी बघत असलं की माझा हात जास्तच कापतो. पेन्सिल कागदावर टेकवली आणि सुईच्या शिवणीसारखी दातेरी रेघ उमटली. एक लहान मुलगा आईला काहीतरी म्हणाला. मी वही मिटली आणि ईराला आइस्क्रीम हवंय असं जाहीर केलं. ईराला नको होतं.

निघताना त्या गणवेशातल्या मुलीला मी पुन्हा गाठलं. ती म्हणाली, अधल्यामधल्या वारी या, बंद व्हायच्या आधीच्या तासाला. उजेड उतरला की ती जागी होतात आणि खाली केळ्यांवर येतात. पिकून काळी पडलेली केळी त्यांना फार आवडतात. परतीच्या गाडीत निखिल समजुतीच्या सुरात म्हणाला, की इंटरनेटवर यांचे इतके सुंदर क्लोजअप आहेत, मी टीव्हीवर लावून देतो, तुम्ही आरामात बसून काढा. चांगला मुलगा आहे. त्याच्याशी मी घरी पोचेपर्यंत बोलले नाही.

केळी आणि गूळ

गौरीच्या कंपनीचे तिमाहीचे हिशेब चालू होते, त्यामुळे मधल्या वारी कुणाला वेळ नव्हता. तोवर स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. घुबड-फुलपाखराचं एक चुलतभावंड सिंगापुरातच राहतं, तपकिरी, माडांवर वाढणारं, संध्याकाळी दिव्यांजवळ येणारं. इमारतीखाली माड होते, कॉरिडॉरमध्ये दिवा होता. मी चार केळी काळी होईपर्यंत ठेवली, गुळाबरोबर कुस्करली, ताटलीत घालून झाकून आंबवली आणि एका संध्याकाळी शेजारणीच्या कुंडीतल्या पामशेजारी नेऊन ठेवली.

ईरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजी, कॅनॉट लाह. फाइन होईल.” या देशात कशाकशाला दंड होतो याची यादी तिला आपल्या मुलांना पाढे येतात तशी येते. मी म्हटलं, केळं ठेवायला कसला दंड? दंड झाला नाही. मुंग्या झाल्या. शेजारच्या चिनी मावशींनी दार वाजवून, फार गोड हसून, मुंग्यांची रांग त्यांच्या चपलांपर्यंत कशी आली आहे ते दाखवलं. मी माफी मागितली, कॉरिडॉर पुसला, मुंग्या लागलेला वरचा थर काढून टाकला आणि उरलेलं एका पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलं. उद्या दुसरी जागा बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठले तर घरभर तळणाचा वास. शैलाताईंनी गरमागरम घारगे माझ्यासमोर ठेवले. चांगले टम्म फुगलेले, खुसखुशीत. मी चार खाल्ले, आणि मनापासून म्हणाले की असे घारगे माझ्या आईनंतर कुणी खाऊ घातले नाहीत. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, सगळं श्रेय तुमचंच, तुम्ही केळी-गूळ भिजवून ठेवलंच होतंत, मी नुसती कणीक घातली. सोडासुद्धा लागला नाही, आपोआप फुगले.

मी हातातल्या पाचव्या घारग्याकडे बघितलं. काळं केळं आणि गूळ झाकून ठेवलेलं दिसलं तर कुठलीही मराठी बाई त्यात कणीकच घालणार. मीसुद्धा घातली असती. पण तेव्हा एवढा शहाणपणा कुठला सुचायला. मी म्हणाले, ते फुलपाखरांचं होतं. आवाज चढला होता. मग काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारायची पद्धत ठाण्यात नाही का, इथपर्यंत गेले.  शैलाताईंनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. संध्याकाळी ईराने उरलेले घारगे संपवले आणि ‘शिओक’ असा शेरा दिला. तिकडे फक्कड म्हणायचं असलं की असं म्हणतात.

रात्री गौरी माझ्यावर रागावली. कशासाठी एवढा आटापिटा करतेस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी माझ्याकडून एक वर्तुळ काढून होईल की नाही, मला माहीत नाही.  मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुठला कुणावर ते कळत नव्हतं.

रुमाल आणि टिश्यू

बुधवारी मी एकटीच निघाले. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड होतं, रस्ता विचारून घेतला होता. चपला घालत होते तर शैलाताई पर्स घेऊन तयार. त्या म्हणाल्या, मीपण येते, मला घरात कंटाळा आलाय. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही.

आधी जेवण. स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका मोठ्या छपराखाली पन्नास-साठ खाण्याच्या गाळ्यांत, आम्ही शाकाहारी काही शोधत फिरलो. शेवटी एका तमिळ गाळ्यावर डोसा मिळाला. बसायला जागा मात्र नव्हती. एक टेबल रिकामं दिसलं तर त्यावर टिश्यूचं पाकीट. शैलाताई ते उचलून कुणाला द्यावं म्हणून इकडेतिकडे बघू लागल्या, तेव्हा शेजारच्या माणसाने मान हलवली. पाकीट ठेवणाऱ्याचा त्या टेबलावर हक्क होता. टिश्यू ठेवून तो जेवण आणायला गेला होता. आम्ही दोघी एकदमच हसलो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी माणसं आम्ही, आम्हाला हे कुणी शिकवायला नको होतं. फरक एवढाच की रुमालावरून आपल्याकडे भांडणं होतात; तिथे त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. पुढच्या टेबलावर मी माझं पाकीट ठेवलं आणि फार बरं वाटलं.

चहा आणायला मी गेले, कारण डोसे त्यांनी आणले होते. तिकडचा चहा दुधाळ, गोड आणि काठोकाठ भरून देतात. ट्रेमध्ये दोन ग्लास. अर्ध्या वाटेत ट्रे वाजायला लागला. मी घट्ट धरला तसा तो जास्तच वाजला. एक ग्लास आडवा झाला, चहा मनगटावरून साडीवर, जमिनीवर. सगळ्या छपराने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. पाहिलं असेल तीन-चार जणांनी. टिश्यू घेऊन एक म्हातारे गृहस्थ धावले.

शैलाताई आल्या. त्यांनी ट्रे घेतला, मला बसवलं, गाळ्यावरून एक रिकामा ग्लास मागून आणला आणि उरलेला चहा दोन ग्लासांत अर्धा अर्धा ओतला. एक ग्लास माझ्यापुढे सरकवला.

“पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला अर्धाच देते,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा हात असाच होता. भरलेला कप दिला की ते चहा नको म्हणायचे.”

 तीन आठवडे मी या बाईंना चिक्कू समजत होते, आणि त्या माझी लाज राखत होत्या. मी चहा प्यायले. ग्लास डुचमळला, पण अर्धा असल्यामुळे सांडला नाही. मग मी त्यांना म्हटलं, घारग्यांवरून मी फार बोलले. त्या म्हणाल्या, बोललात खरं. आणि पर्समधून एक पिशवी काढली. आत केळी, काळी पडलेली. लिटल इंडियातल्या भाजीवाल्याकडून त्यांनी मुद्दाम खराब बघून आणली होती. तो नको म्हणत असताना.

काचघरात बाहेरचं खाणं नेता येत नाही, अशी तिथे पाटी आहे; बसच्या थांब्यावर असताना ईराने फोन करून सांगितलं तेव्हा ती आम्हाला आठवली. बसमध्ये खायचं नाही, गाडीत खायचं नाही. टाकून द्यायला दोघींचाही जीव होईना. तेव्हा बाकावर बसून आम्ही ती केळी खाऊन टाकली. त्यांनी तीन खाल्ली, मी दोन. माझं दुसरं केळं सालीतून निसटलं आणि मुठीतच त्याचा लगदा झाला. टिश्यूने पुसेपर्यंत बस आली.

काचघर, शेवटचा तास

आत जेमतेम पाच-सहा माणसं होती. काचांवरचा उजेड पिवळा झाला होता. बुंध्यावर ते पान नव्हतं. खाली ताटल्यांत केळी आणि अननस, आणि ताटलीच्या काठावर, माझ्यापासून वीतभर अंतरावर, ते बसलेलं होतं.

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या तळहाताएवढं होतं. पंख मिटलेले. राखाडी-तपकिरी, त्यावर बारीक नागमोडी रेघा, इतक्या की नजर ठरेना. आणि तो डोळा. काळाभोर, भोवती पिवळं कडं, आणि काळ्यात एका बाजूला पांढरी कोर, ओल्या बुबुळावर खिडकीचा उजेड पडावा तशी. मी फळ्यावर तिथे नेहमी गोल ठिपका काढायची, कारण पुस्तकात तो गोल दिसायचा. आणि मी दोन डोळे काढायची. पुस्तकातलं पाखरू टाचणीने टोचून पसरलेलं असतं, म्हणून दोन दिसतात. बसलेलं पाखरू एका वेळी एकच डोळा दाखवतं. ते वळलं की तो डोळा तुमच्याकडे वळतो, आणि आपण कीटक बघतोय हे माहीत असूनही छातीत धस्स होतं. हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. त्यासाठी वीतभर अंतरच हवं.

मी वही उघडायला उजवा हात पुढे केला, आणि ते ताटलीवरून उठलं आणि माझ्या हातावर बसलं. केळ्याचा चिकटपणा बोटांना होताच. चार पाय टेकले. फुलपाखरांच्या या घराण्यात पुढचे दोन पाय आखडलेले असतात, चारच वापरात. पिवळसर सोंड उलगडली आणि माझ्या करंगळीच्या पेरावर फिरू लागली. गुदगुली होते असं कुणी मला सांगितलं नव्हतं. माझा हात थरथरत होता, नेहमीसारखा, किंबहुना जास्तच. पाखराला त्याचं काहीच नव्हतं. ते थरथरत्या हातावर बसून निवांत जेवत होतं. वाऱ्यावरच्या पानावर बसायची सवय असलेल्या जिवाला माझ्या हाताचं काय नवल वाटणार, हे मला तेव्हा सुचलं आणि मी इतकी आनंदले की डोळे भरून आले.

चित्र काढायचा हातच त्याने अडवला होता. तेव्हा मी नुसती बघत राहिले. शैलाताई माझ्या शेजारी श्वास रोखून उभ्या होत्या. वही त्यांनी माझ्या काखेतून अलगद काढून घेतली होती.

मग सोंड गुंडाळली गेली आणि पंख कापायला लागले. बारीक, भराभर, सगळं अंग. डोळासुद्धा अंधुक झाला.

“घाबरलं का हो ते?” शैलाताईंनी कुजबुजत विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “उडायच्या आधी ती अशीच थरथरतात. पंखांचे स्नायू तापवावे लागतात, त्याशिवाय उडता येत नाही.”

हे वाक्य मी वर्गात दर वर्षी सांगत आले. सांगून झाल्यावर माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं, आणि शैलाताईंचंही.  पाखरू उडालं, उघडलेल्या पंखांच्या आतला निळा रंग एकदा दिसला, आणि ते नेच्यांमागे गेलं.

मी तिथल्याच बाकावर बसले, वही मागून घेतली आणि आत्ताच पाहिलेलं ते पाखरू काढायला सुरुवात केली. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ती गणवेशातली मुलगी आली, शैलाताईंनी तिला हाताने थांबवलं, आणि ती खरंच थांबली. मागे उभं राहून दोघी बघत होत्या. मी हात लपवला नाही. नागमोडी रेघा तर हाताने आपणच काढल्या, मला फक्त पेन्सिल धरावी लागली. कोर मी कोरीसारखी काढली. डोळा एकच काढला.

ते चित्र आता ठाण्यात आहे. शैलाताईंनी मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात लावलं, डब्यांच्या वर. येणारेजाणारे विचारतात, रेघ अशी थरथरलेली का? त्या सांगतात, पाखरू उडायच्या बेतात होतं.